दुकान उघडं आहे, दुकानदार कुठे आहे?

"स्टीमवर आता नुसता कचरा भरलाय यार." हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी सुरुवात केली की शेवट मीच करतो. "पूर्वी कसं, निवडक गेम यायचे. वॉल्व्हने क्वालिटी कंट्रोल सुरू करायला पाहिजे." बोलणारी मंडळी साधारण माझ्याच वयाची, आयटीतली, सेलमधे घेतलेले पन्नासेक गेम लायब्ररीत न उघडता पडलेले. म्हणजे निवडक गेमसुद्धा खेळून होत नाहीत, ती गोष्ट वेगळी :-)

तक्रारीतला आकडा खराच आहे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे रोज पन्नास. त्यातले बरेचसे चार तयार मॉडेल विकत घेऊन एका नकाशावर ठेवून दिलेले, हेही मान्य. पण त्यावर जो उपाय सांगितला जातो तो मला साफ अमान्य आहे. आणि ज्या गोष्टीवर खरंच ओरडायला हवं, तिच्यावर यातलं कुणीच ओरडत नाही!

या वादात १९८३ चा दाखला हमखास निघतो. अमेरिकेत अटारीच्या काळात कुणीही उठून कार्ट्रिज काढायचं, बाजार कचऱ्याने भरला, लोकांचा विश्वास उडाला आणि सुमारे ३०० कोटी डॉलरचा धंदा १९८५ पर्यंत १० कोटींवर आला. मग निन्टेन्डो आली, यंत्रात कुलूप-चिप बसवली, प्रत्येक कंपनीला वर्षाला फक्त पाच गेमची मुभा दिली, डब्यावर सोनेरी शिक्का मारला, आणि धंदा पुन्हा उभा राहिला. तात्पर्य: रखवालदार हवाच.

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करू. कार्ट्रिज ही वस्तू होती. ती आधी बनवावी लागायची, दुकानदाराला आधी पैसे गुंतवून ती फळीवर मांडावी लागायची, आणि फळी मोजकीच. न खपलेला माल मातीमोल भावात काढला की शेजारचा चांगला पण महाग गेमही बसायचा. घेणाऱ्याकडे ना रिव्ह्यू, ना परतीची सोय, हातात फक्त डब्यावरचं चित्र. यातली एकही अट आज स्टीमला लागू होत नाही. फळी अमर्याद आहे. तिच्या एका कोपऱ्यात रद्दी गेम पडला म्हणून शेजारच्याची जागा जात नाही. २०१५ पासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत. ज्या रोगाचं हे औषध होतं तो रोगच उरलेला नाही. आणि औषध तरी किती गुणकारी? कोनामीने अल्ट्रा नावाची दुसरी कंपनी काढून पाचाचे दहा गेम केले. शिक्का सुमार गेमवरही दिमाखात झळकतच होता, आणि आज निन्टेन्डोच्याच ऑनलाइन दुकानात ढिगाने भंगार मिळतं.

बरं, "पूर्वी निवडक गेम यायचे" म्हणजे नक्की काय व्हायचं? २००५ मधे वॉल्व्हने बाहेरच्यांचे गेम विकायला सुरुवात केली. तेव्हा एक तर तुमच्या पाठीशी मोठा प्रकाशक हवा, नाही तर वॉल्व्हला मेल टाकून वाट बघत बसायचं. नकाराचं कारण कळेलच असं नाही. पुण्यातल्या जुन्या दुकानासारखं काम: आहे ते आहे, नाही ते नाही, आणि दुपारी एक ते चार बंद.

मग ऑगस्ट २०१२ मधे ग्रीनलाइट आलं. लोकांनीच मतं देऊन ठरवायचं. कागदावर किती लोकशाही! प्रत्यक्षात मतं गोळा करण्याचा वेगळाच धंदा सुरू झाला, "मत द्या, गेमची फुकट की घ्या" छापाचा. आपल्याकडे निवडणुकीत काय वाटतात ते सगळ्यांना माहीत आहे, जास्त बोलत नाही. गेम बरा की वाईट हे मत देणाऱ्याला कळायचं कसं? त्याने तो खेळलेलाच नसायचा.

जून २०१७ मधे ग्रीनलाइट बंद होऊन स्टीम डायरेक्ट आलं. प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरा, कागदपत्रं द्या, गेम विका. १००० डॉलरची विक्री झाली की ते १०० परत. इथे एक गोष्ट लोक विसरतात. त्या वर्षी फेब्रुवारीत ही योजना जाहीर झाली तेव्हा फी किती ठेवावी यावर १०० पासून ५००० डॉलरपर्यंत चर्चा चालू होती. आणि कचऱ्याला वैतागलेली बरीच मंडळी वरच्या टोकाच्या बाजूने होती. "सीरियस असेल तो भरेलच की!"

५००० डॉलर म्हणजे तेव्हाचे तीन लाखांच्या वर रुपये. मी त्या वेळी इंजिनिअरिंगला होतो. कॅम्पसमधून मोठ्या आयटी कंपनीत लागलेल्या फ्रेशरचं वर्षाचं पॅकेज साधारण तेवढंच होतं. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोतल्या पोराने महिन्याच्या पगारातला एक तुकडा मोडायचा आणि इथल्या पोराने अख्खं वर्ष. याला दर्जाची चाळणी कोणत्या तोंडाने म्हणायचं? ही खिशाची चाळणी आहे. आपल्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्सच्या 'राजी'चं बघा. २०१७ मधे किकस्टार्टरवर पुरेसे पैसे उभे राहिले नाहीत. तरी ती माणसं टिकली, २०२० मधे गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समधे पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं. असा स्टुडिओ पै-पै मोजत असतो. त्याच्यासमोर 'सीरियसनेस'च्या नावाखाली तीन लाखांची भिंत उभी करा म्हणणाऱ्यांनी एकदा स्वतःच्या खिशातून तीन लाख काढून बघावेत.

आणि समजा, फी-बिी सोडा, खरोखर चोखंदळ अशी एक समिती बसवली. २०१८ च्या शेवटी तिच्यापुढे 'अमंग अस' आला असता. बटाट्यासारखी माणसं, तीन जणांची टीम, सुरुवातीला खेळायला फारसं कुणी नाही. घेतला असता? दोन वर्षांनी लॉकडाऊनमधे जग तेच खेळत होतं. किंवा डिसेंबर २०२१ मधला 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स'. किंमत तीन डॉलर, बरीचशी चित्रं विकत घेतलेल्या तयार संचातली. म्हणजे आपली मंडळी ज्याला "असेट फ्लिप" म्हणून नाक मुरडतात अगदी त्याचंच लक्षण! कुठल्याही समितीने पहिल्या मिनिटात बाद केला असता. २०२३ मधे त्याने 'एल्डन रिंग'ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा नेला.

समिती कशी चालते याचा नमुना हवा असेल तर अ‍ॅपलकडे बघा. तिथे प्रत्येक अ‍ॅप माणूस तपासतो. त्या तपासणीतून २००८ मधे 'आय अ‍ॅम रिच' आरामात पार झालं. किंमत ९९९.९९ डॉलर, काम एकच, पडद्यावर लाल रत्न दाखवणे. आठ जणांनी घेतलंसुद्धा. आणि २०१४ मधे 'पेपर्स, प्लीज' मात्र अडलं. हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा कारकून, स्कॅनरमधे दिसणारी ओबडधोबड नग्न आकृती, गेमच्या आशयाचाच तो भाग. आधी काढायला लावलं, बोंब झाल्यावर परवानगी दिली. रत्न चालतं, विचार अडतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी वॉल्व्हचा वकील. थांबा.

आमच्या धंद्यात क्यूए नावाचा विभाग असतो. क्यूएवाला कधी सांगतो का, की तुमचं प्रॉडक्ट कंटाळवाणं आहे? (मनात म्हणत असणार, पण बगमधे लिहीत नाही.) तो बघतो की जे लिहिलंय ते होतंय का, आणि जे व्हायला नको ते होत नाही ना. दुकानाच्या क्वालिटी कंट्रोलचा अर्थ मला एवढाच मान्य आहे. गेम सुरू होतो का, वर्णन खरं आहे का, आणि तो माझ्या मशीनवर दरोडा घालत नाही ना. आवड-निवड माझी मी बघतो.

आणि नेमकं हेच काम वॉल्व्ह धड करत नाही. फेब्रुवारी २०२५ मधे 'पायरेटफाय' नावाच्या फुकट गेममधून मालवेअर पसरलं. वॉल्व्हने काय केलं, तर खेळलेल्यांना कळवलं की स्कॅन करा, जमल्यास ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाका. वा! त्याच वर्षी 'ब्लॉकब्लास्टर्स'. जुलैच्या शेवटी साधा टू-डी गेम म्हणून आला, ऑगस्टच्या शेवटी आलेल्या अपडेटमधे चोर निघाला. कॅन्सरच्या उपचारांसाठी लाइव्ह स्ट्रीमवर पैसे जमवणाऱ्या एका माणसाचे सुमारे ३२ हजार डॉलर त्या स्ट्रीम चालू असतानाच गेले. गेम दुकानातून उतरायला २१ सप्टेंबर उजाडला.

यातली मेख तांत्रिक आहे. नवीन गेमचा पहिला बिल्ड वॉल्व्ह तपासते. त्यानंतरची अपडेट मात्र डेव्हलपर चढवतो आणि ती थेट लोकांच्या मशीनवर जाते. डेव्हलपरांची खाती हॅक व्हायला लागल्यावर २०२३ मधे मोबाइलवर कोड पाठवण्याची सोय केली, पण तो कोड एवढंच सांगतो की अपडेट खातेदारानेच चढवली. खातेदारच चोर असेल तर? कॉलेजातली पोरंसुद्धा प्रोजेक्टला कंटिन्युअस इंटिग्रेशन लावतात हो! विक्रीतला तीस टक्के वाटा घेणाऱ्या दुकानाने नवा बिल्ड सँडबॉक्समधे चालवून तो कुठल्या सर्व्हरशी बोलतो, ब्राउझरच्या पासवर्डच्या फायलींना हात घालतो का, हे बघायला काय हरकत आहे? शंभर टक्के चोर पकडले जाणार नाहीत, पण महिनाभर तरी मोकाट फिरणार नाहीत.

यांना जमत नाही असंही नाही. खोट्या गेमचा एक मोठा उद्योग ट्रेडिंग कार्डांवर चालायचा. गेम कुणी खेळायचाच नाही, हजारो कीज बॉट्सना द्यायच्या, बॉट्सनी कार्डं जमवायची, बाजारात विकायची. मे २०१७ मधे वॉल्व्हने नियम बदलला: खरी माणसं खेळतायत याची खात्री पटेपर्यंत कार्डं पडणारच नाहीत. एकाही गेमच्या दर्जाचा निवाडा न करता त्या धंद्याचं गणितच मोडलं. याला म्हणतात डोकं.

पण डोकं चालवायला कष्ट पडतात, आणि हात झटकणं सोपं. जून २०१८ मधे शाळेतल्या गोळीबारावरच्या एका गेमवरून गदारोळ झाल्यावर वॉल्व्हने जाहीर केलं की बेकायदा आणि निव्वळ खोडसाळ सोडून सगळं चालेल. मला हे तत्त्व म्हणून पटतं. पण तत्त्व घेतलं की त्यासाठी उभंही राहावं लागतं. जुलै २०२५ मधे नियमांत गुपचूप एक कलम वाढलं: पेमेंट प्रोसेसर, कार्ड नेटवर्क आणि बँकांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. पाठोपाठ बरेच प्रौढांसाठीचे गेम गायब. एका ऑस्ट्रेलियन गटाने कार्ड कंपन्यांवर मोहीम उघडली होती. इच डॉट आयओने तर एका रात्रीत असले हजारो गेम सर्चमधून काढले, फुकटचेसुद्धा. मास्टरकार्ड म्हणालं, आम्ही कुठलाही गेम तपासला नाही. वॉल्व्ह म्हणालं, मधल्या कंपन्यांनी मास्टरकार्डचाच नियम दाखवला. म्हणजे चेंडू सगळ्यांच्या कोर्टात आणि गेम बाहेर.

त्यातले बरेचसे गेम मला बघवणारही नाहीत. पण ज्यांनी ते बनवले त्यांना कुठल्या कलमाखाली, कुठल्या दृश्यासाठी, कुणाच्या सांगण्यावरून काढलं आणि दाद कुठे मागायची, हे तरी कळायला नको? दुकानदाराने स्वतःचं क्वालिटी कंट्रोल लिहून, सही करून दारावर लावलं नाही, तर ते दुसरा कुणीतरी लावतो, आणि त्याला गेम म्हणजे काय हेही माहीत नसतं. रोजच्या पन्नास गेमच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी त्यातला थोडा राग इकडे वळवावा. पन्नासातले एकोणपन्नास तुम्ही उघडणारही नाही. अपडेट मात्र रात्री आपोआप उतरते, तुमच्याच मशीनवर.