वडिलार्जित संपत्ति आणि एक दानपत्र

वडिलार्जित संपत्ति राखावी, वाढवावी आणि पुढील पिढीच्या हातीं द्यावी, हा कुलवंतांचा सामान्य धर्म होय. परंतु ती संपत्तिच अन्यायमूलक असली तर वारसानें काय करावें? अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतल्या कार्टर घराण्यांतील एका गृहस्थानें या प्रश्नास जें उत्तर दिलें, तें वाचकांस सांगण्याचें आम्हीं या वेळीं योजिलें आहे.

या घराण्यांतील रॉबर्ट कार्टर यास लोक ‘किंग’, म्हणजे राजा, म्हणत. 1732 सालीं तो वारला तेव्हां त्याच्यामागें सुमारें 3,00,000 एकर जमीन व सुमारें 1,000 गुलाम होते. जमिनींत तंबाखू पिके. राबे मात्र आफ्रिकेंतून धरून आणलेला मनुष्य व त्याची संतति. जमिनीप्रमाणेंच हीं माणसेंहि वारसाहक्कानें बापाकडून मुलाकडे जात.

त्याच्याच नांवाचा नातू, तिसरा रॉबर्ट कार्टर (1728–1804), नोमिनी हॉल या वाड्यांत राही. 1773–74 सालीं त्याच्या मुलांस शिकविण्यास फिलिप फिथियन नांवाचा तरुण शिक्षक होता. त्यानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें आहे कीं, हा धनी त्या भागांत सर्वांत दयाळू समजला जाई. तरी त्याच्या गुलामास आठवड्याचा शिधा म्हणजे मापभर मका व एक पौंड मांस! न्यायावांचून दया किती तोकडी पडते, हें यावरून समजावें.

पुढें 1778 सालीं कार्टरनें बाप्टिस्ट पंथ स्वीकारला. त्या मंडळींत गोरे व काळे एकत्र उपासना करीत. 1782 सालीं व्हर्जिनियाच्या कायद्यानें धन्यास आपले गुलाम मुक्त करण्याची मोकळीक दिली. 1786 सालीं त्यानें आपल्या दोघां मुलांस शिक्षणासाठीं दूर र्‍होड आयलंडला धाडलें; कारण गुलामगिरीच्या सहवासांत मुलांचें शील बिघडतें, अशी त्याची खातरी झाली होती. दुसर्‍यास दास करणारा आपल्याहि मुलांची हानि करितो, हें ज्या बापास उमगलें तो विरळा.

अखेर 1791 च्या ऑगस्टांत त्यानें दानपत्र लिहिलें व तें न्यायालयांत नोंदविलें. त्यांत चारशेंहून अधिक माणसांचीं नांवें व वयें आहेत. मुक्तता एकदम नव्हती. दरवर्षीं कांहीं जण सुटावेत व मुलांनीं वयांत येईपर्यंत थांबावें, अशी योजना होती. हा विलंब त्या बिचार्‍यांस किती जड गेला असेल, हें सांगावयास नको. तथापि अंतर्युद्धापूर्वी एका व्यक्तीनें केलेली एवढी मोठी मुक्तता त्या देशांत दुसरी नाहीं. शेजारचे जमीनदार संतापले, आणि 1793 सालीं तो व्हर्जिनिया सोडून बाल्टिमोरास गेला.

याच काळीं, सर्व माणसें समान आहेत असें 1776 च्या जाहीरनाम्यांत लिहिणारा थॉमस जेफरसन होता. त्यानें आयुष्यांत सहाशेंहून अधिक गुलाम बाळगले. त्यांपैकीं हयातींत 2 व मृत्युपत्रानें 5 मुक्त केले. तो कर्जबाजारी होऊन वारला, आणि 1827 सालीं त्याच्या मळ्यावरील 130 माणसांचा लिलाव पुकारला गेला. गुलामगिरी वाईट खरी, पण ती सोडावी कशी, अशी पुष्कळांची सबब असे. कार्टरच्या दानपत्रानें ती सबब उरूं दिली नाहीं.

तरी जेफरसनाचें नांव पोराटोरांच्या तोंडीं, आणि कार्टर जवळजवळ विस्मृत. 1850 सालीं नोमिनी हॉल जळून खाक झाला. किंग कार्टरचाच दुसरा एक वंशज, रॉबर्ट ली, गुलामगिरी टिकवूं पाहणार्‍या दक्षिणेचा सेनापति म्हणून गाजला. एकाच वंशवृक्षाचीं हीं दोन फळें! तेव्हां कुलाचा लौकिक रक्तांत नसून प्रत्येक पिढीच्या निवडींत असतो, असेंच म्हणावें लागतें.

वाडवडिलांकडून आलेलें सर्वच राखण्याजोगें असतें असें नाहीं. काय ठेवावें व काय सोडावें, हें ओळखणें हेंहि वारसाचेंच कर्तव्य होय. कार्टरनें तें उशिरां ओळखलें. पण ओळखल्यावर हिशेब केला नाहीं.