अफजलखान मिळतो, कान्होजी मिळत नाहीत

‘शेर शिवराज’ (2022) विषयीची चर्चा चिन्मय मांडलेकरांचे महाराज आणि मुकेश ऋषींचा अफजलखान यांभोवतीच फिरली. ऋषींची देहयष्टी खानाला शोभणारी, निवड चोखच. तथापि प्रतापगडाच्या प्रसंगावरील कोणत्याही चित्रपटाची खरी कसोटी म्हणजे कान्होजी जेधे, असे माझे मत आहे.

भोर तालुक्यातील आंबवडे येथे कान्होजींची समाधी आहे आणि जिवा महालांचीही. पडद्यावर जिवाला निदान तलवारीचा एक निर्णायक वार लाभतो. कान्होजींची लढाई मात्र त्याआधीच, मनात झालेली असते. 1659 मध्ये विजापूरचे फर्मान आले : खानास सामील व्हा. त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे गेलेही. शहाजीराजांच्या पदरी हयात घालवलेले कान्होजी मात्र वतनावर पाणी सोडून, मुलांसह शिवरायांकडे आले.

‘ट्रॉय’मध्ये (2004) ब्रॅड पिटच्या पिळदार अकिलीसपेक्षा स्मरणात राहतो तो पीटर ओटूलचा प्रायम, मुलाचे शव मागायला शत्रूच्या तंबूत आलेला वृद्ध पिता. आपल्या दिग्दर्शकांनीही रंगभूमीवर मुरलेला एखादा ज्येष्ठ नट शोधावा. दाढी चिकटवलेला तरुण नको. संवाद दोनच द्यावेत, कॅमेरा ओंजळीवर स्थिरावू द्यावा. आणि तेवढ्यापुरते ढोल-ताशे थांबवावेत.