एका रेषेत बाजार मावत नाही

भाव म्हणजे रेषा. वर गेली की तेजी, खाली आली की मंदी. तीच रेषा पट्ट्यांत कापून, एकावर एक चढवून रंगवायची, हे 'होरायझन चार्ट' म्हणजे प्रोग्रामरांची हौस! पुण्यातले एक जाणकार हे चारचौघांत ठासून सांगत असतात. एकट्या कांद्याचा भाव दाखवायचा तर रेषाच काढावी, हे मलाही मान्य. पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एकटा कांदा येतो का?

बटाटा, लसूण, आले, टोमॅटो, गवार, कोबी अशा तीस मालांच्या पाच वर्षांच्या रेषा एका चौकटीत कोंबून पाहा. लसूण कडाडला की सगळी मोजपट्टी त्याच्या मापाची होते आणि कोबी तळाला चिकटतो. कोबीचा भाव निम्म्यावर आला, शेतकऱ्याचा तोडणीचा खर्चही निघाला नाही, तरी आलेखात त्याची रेषा सपाटच! मग जाणकार म्हणतात, तीस वेगळे आलेख काढा. काढले. पडद्यावर मावेनात. मावावेत म्हणून बुटके केले, तर चढउतारच चेपले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या पाच महिन्यांत कांद्याबरोबर आणखी कशाचे भाव हलले, हे पाहायला तीसच्या तीस ओळी एकाच तारखेखाली, एका नजरेत हव्यात. रेषेला ते जमत नाही, होरायझन चार्टला जमते.

त्यात नेहमीपेक्षा कमी भावाचा, म्हणजे उणे भाग उलटून वर घेतात; ही म्हणे फसवणूक. त्याचा रंग वेगळा असतो, मग फसवणूक कसली? लोकांना कळत नाही? हीर, काँग आणि अग्रवाला या संशोधकांनी २००९ साली प्रयोग करून पाहिले: उलटवल्याने वाचनात बाधा येत नाही, पट्ट्या चारवर नेल्या की वेळ आणि चूक वाढते. म्हणून पट्ट्या दोनच ठेवाव्यात.

कृती थोडकी आहे. रोजच्या सर्वसाधारण दराला त्या मालाच्या मध्यकाने भागा आणि लॉगरिदम घ्या. दुप्पट आणि निम्मा भाव सारख्याच उंचीचे होतात. पायथनमध्ये नमपाय या लायब्ररीच्या 'क्लिप'ने पट्ट्या कापा, वरची पट्टी गडद रंगात त्याच जागी भरा. बाजार बंद असेल त्या दिवशी शून्य भरू नका, जागा मोकळी सोडा. तांबड्या-हिरव्याऐवजी निळा-नारिंगी घ्या.

पणन मंडळाचे कार्यालय गुलटेकडीतच आहे, दर रोज जाहीर होतात. जाणकारांनी तीस माल एकदा असे मांडून पाहावेत आणि मग रेषेची वकिली करावी.