वीज पडली शिवारात, राऊटर जळाला ग्रामपंचायतीत

परवा वळवाचा पाऊस झाला. आमच्या तालुक्यातल्या एका गावात वीज पडली ती शिवारातल्या झाडावर. पण गावातल्या ग्रामपंचायतीचा राऊटर, स्विच आणि एका कॉम्प्युटरचं लॅन पोर्ट, सगळं खलास. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. तेव्हाही कारण लिहिलं गेलं 'नैसर्गिक आपत्ती'. फाइल बंद.

मला हे पटत नाही. वीज पडणं नैसर्गिक आहे. दरवर्षी राऊटर जळणं नैसर्गिक नाही, तो निष्काळजीपणा आहे.

आधी हे समजून घ्या की वीज थेट इमारतीवर पडायला लागत नाही. एका विजेत साधारण ३० हजार अँपिअरचा प्रवाह असतो. ती जवळपास पडली तरी आजूबाजूच्या लांब तारांत क्षणभर मोठा दाब तयार होतो. तो लाइटच्या तारेतून येतो, तसा लॅनच्या केबलमधूनही येतो. त्या गावात ग्रामपंचायतीतून शाळेपर्यंत पत्र्यावरून तांब्याची लॅन केबल ओढलीय. म्हणजे विजेला आपणच वाट करून दिली.

"पण आमच्याकडे फायबर आहे," असं एक जण म्हणाला. बरोबर, काचेच्या तंतूतून करंट येत नाही. पण त्या केबलला आधाराची लोखंडी तार असेल तर तिच्यातून येतो. आणि फायबरच्या डब्याला अ‍ॅडॉप्टर लागतोच की! तो लाइटवरच चालतो.

"एमसीबी आहे ना?" एमसीबी पडायला काही मिलिसेकंद लागतात. विजेचा झटका मायक्रोसेकंदांत काम उरकून मोकळा होतो. त्याला सर्ज प्रोटेक्टर लागतो. तो जादा दाब जमिनीत सोडतो. पण जमिनीत सोडायला अर्थिंग हवं! त्या कार्यालयात अर्थिंगची तार भिंतीपर्यंत आलीय आणि तिथंच तुटून लोंबतेय. बोर्ड तीन पिनचा, आत वायर दोनच. अशा ठिकाणी कितीही भारी प्रोटेक्टर लावा, तो नुसता शोभेचा.

करायचं काय? मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस यायच्या आधी, वायरमनकडून मीटरने अर्थिंग मोजून घ्या. रीडिंग १० ओहमच्या आत हवं. खड्डा कोरडा पडला असेल तर पाणी घाला, गंजलेले जोड बदला. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा. छतावर टॉवर किंवा अँटेना असेल तर त्याचं अर्थिंग आणि इमारतीचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, वेगवेगळं ठेवू नका. दोन इमारतींमध्ये तांब्याऐवजी धातूची तार नसलेलं फायबर टाका. आणि आभाळ भरून यायच्या आधी प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा. कडकडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' अ‍ॅप मोबाइलवर फुकट मिळतं, ते २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजांचा इशारा देतं. थेट डोक्यावर वीज पडली तर यातलं सगळंच टिकेल असं नाही. पण दरवर्षीची जळजळ नक्की थांबेल.

हा प्रश्न फक्त एका डब्याचा नाही. जूनमध्येच पोरांना उत्पन्नाचे, रहिवासी दाखले लागतात. पेरणीच्या तोंडावर सातबारा लागतो, पुढं पीक विम्याची मुदत असते. ग्रामपंचायतीचं नेट बंद म्हणजे म्हाताऱ्या माणसाने भाडं खर्चून तालुक्याला जायचं, तिथं रांगेत उभं राहायचं आणि रोज बुडवायचा. हे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत सरपंच-ग्रामसेवकांना तीन प्रश्न विचारा. अर्थिंग शेवटचं कधी मोजलं? रीडिंग किती आलं? ते कुठल्या रजिस्टरला लिहिलंय? नवीन राऊटरचं बिल मंजूर करायच्या आधी ही उत्तरं मागा.

तुमच्या गावात काय स्थिती आहे, कमेंटमध्ये लिहा. तुटलेल्या अर्थिंगचा फोटो असेल तर तोही टाका. पाठपुरावा करू.