धूर, अग्नी आणि ओलं लाकूड

परीक्षा कुठलीही असो, पोटात गोळा येतोच. पण तत्त्वज्ञानाच्या पेपरची धास्ती काही वेगळीच! गणितात उत्तर चुकलं तर निदान चुकलं एवढं तरी कळतं. इथे उत्तर बरोबर लिहूनही खात्री वाटत नाही.

बडोद्याच्या मकरपुऱ्यात माझी ताई राहते. गायकवाडांचा राजवाडा ही मकरपुऱ्याची जुनी ओळख. तो आता हवाई दलाकडे आहे. नवी ओळख म्हणजे जीआयडीसीतले कारखाने. दाजी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये आहेत. घरात मराठी, शेजारी गुजराती आणि दाजींच्या आईची, म्हणजे अज्जींची, चिकोडीकडची कन्नड.

भाचा तत्त्वज्ञानात एम.ए. करत होता. मी गेलो तेव्हा पेपर चार दिवसांवर आला होता आणि 'मी बसत नाही' असं त्याने जाहीर केलं होतं. 'मग उद्यापासून वर्कशॉपला चल,' असं दाजींनी सुनावलेलं. बापलेकांचं बोलणं बंद.

भाचा अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' घोकत होता. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या. स्वारी दर वेळी चौथ्या पायरीवर घसरे.

मी म्हटलं, ''पुस्तक मिट. धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण अग्नी तिथे धूर, असं म्हणता येईल?''

तो गप्प. वर्तमानपत्राआडून दाजींचा आवाज आला, ''कसं म्हणणार? आमच्याकडे लोखंड लालबुंद तापतं, धुराचा पत्ता नसतो!''

भाच्याने आ वासला. नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचंच उदाहरण देतात!

''मग धूर होतो कशानं, मामा?''

उत्तर आतून अज्जींनी दिलं, ''हसि कट्टिगि इद्र होगि बरतैतिप्पा!'' ओली लाकडं असली की धूर येतो, बाबा. शास्त्रात यालाच 'उपाधी' म्हणतात: ओल्या इंधनाचा संयोग. अज्जींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण चूल फुंकण्यात जन्म गेलेला.

सगळे खो खो हसलो. दाजी म्हणाले, ''म्हणजे तुझ्या पुस्तकात आमचं वर्कशॉपपण आहे की रे!'' पंधरा दिवसांत मुलाशी बोललेलं ते पहिलं सरळ वाक्य. भाचा पेपरला बसला आणि पासही झाला. 'त्यातले निम्मे मार्क माझे,' असं दाजी अजून सांगतात.

आपल्या सीमाभागाला तर तत्त्वज्ञान परकं नाहीच. १८८६ साली जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रानडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांनी मराठी संतांवर लिहिलं तसं कन्नड संतांवरही. दोन भाषांच्या घरात मोठी सोय असते. एका भाषेत अडलेला मुद्दा दुसरीत सांगून पाहावा. घोकलेलं असेल तर तिथेच तंगडी अडकते, समजलेलं असेल तर सुटतं.

आणि हसावं. शास्त्रातही आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याची शंका ऐकायची, मग सिद्धांत. भ्यालेल्या पोराला शंका सुचत नाहीत, हसणाऱ्याला सुचतात. तेव्हा तुमच्या घरी कुणी दार लावून घोकत बसलं असेल, तर त्याला पुस्तकासकट स्वयंपाकघरात बोलवा. अज्जींना प्रश्न विचारू द्या.