रक्त तपासणी फुकट, पण रिपोर्ट कधी?

केदारखेडा (ता. भोकरदन) : ताप उतरेना म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं की अनेक जण थेट खासगी लॅब गाठतात अन् खिशातून पैसे मोजतात. खरं तर १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, उपचार अन् तपासण्या मोफत आहेत. केंद्राच्या यादीनुसार उपकेंद्रात १४, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३ तपासण्या मिळायला हव्यात.

मग अडतं कुठं? २०१७ मध्ये राज्यात 'महालॅब' योजना आली. दवाखान्यात फक्त नमुना घ्यायचा, तपासणी मोठ्या लॅबमध्ये, अशी तिची रीत. म्हणजे सगळा खेळ गाडीच्या वेळेवर. रक्त तसंच पडून राहिलं तर साखर खरी असते त्यापेक्षा कमी दिसते. रिपोर्टला उशीर झाला तर रुग्ण तोवर खासगीत गेलेला असतो. अशा वेळी फुकट तपासणीचा उपयोग काय?

यावरचा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. नमुने किती वाजता जातात अन् रिपोर्ट कधी येतो, हे दवाखान्याच्या भिंतीवर लिहा. रुग्ण कल्याण समितीने दर महिन्याला उशिरा आलेले रिपोर्ट मोजावेत, ग्रामसभेत सांगावेत.

आपणही नमुना देताना मोबाईल नंबर नीट लिहून द्या, रिपोर्टची तारीख विचारा. खासगीत जावंच लागलं तर रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही बघा. ती हवीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय.