वरातीतली गिटार

ब्रास म्हटलं की तुमच्याही डोळ्यांसमोर लग्नाचा बँडच येतो ना? लाल कोट, ट्रम्पेटचा दणका आणि शेजारच्याशी ओरडून बोलणं. त्यामुळे एका मित्राने ‘अकूस्टिक गिटार आणि हॉर्न्स’ अशी ओळख करून देत केनी बरेलचा ‘गिटार फॉर्म्स’ ऐकवायला घेतला, तेव्हा मी मनात म्हटलं, गेली बिचारी गिटार!

गणित साधं आहे. नायलॉनची तार छेडली की त्याच क्षणापासून सूर विझायला लागतो. फुंकणाऱ्याचा सूर दम असेपर्यंत टिकतो. आणि इथे तर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न, ट्यूबा... सगळी वरातच.

पण ही वरात सजवली होती गिल एव्हान्सने. माइल्स डेव्हिसचा 1960 चा ‘स्केचेस ऑफ स्पेन’ ज्याने बांधला, तोच हा माणूस. ‘गिटार फॉर्म्स’ आला 1965 मध्ये, व्हर्व लेबलवर. नऊपैकी पाच ट्रॅक्स एव्हान्सचे. त्यातलं ‘लोटस लँड’ मी सलग चार वेळा ऐकलं. सिरिल स्कॉट या इंग्रज संगीतकाराची ही मूळची पियानोची रचना. इथे ती नऊ मिनिटांहून जास्त चालते. खाली बोलेरोसारखा ठेका फिरत राहतो, त्यावर बरेल बिलकूल घाई न करता वाजवतो. हॉर्न्स मागून येतात, गिटारने सोडलेला सूर उचलून धरतात आणि बाजूला होतात. अगदी भरून येतात तेव्हासुद्धा तिच्या अंगावर येत नाहीत.

त्याच आठवड्यात एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये माझं एकच वाक्य तीनदा कापलं गेलं होतं. चौथ्यांदा मी बोललेच नाही. परतीच्या लोकलमध्ये हे ऐकताना बरेलचा नाही, त्या हॉर्नवाल्यांचाच हेवा वाटला. इतकी फुफ्फुसं आणि इतका सबुरीचा कारभार!

सगळं मात्र डोक्यावर घेऊन नाचण्यासारखं नाही हं. मधले छोट्या ग्रुपचे ब्लूज झकास आहेत, पण तिथे इलेक्ट्रिक गिटार येते आणि अल्बमच बदलल्यासारखा वाटतो. गर्श्विनच्या दुसऱ्या प्रिल्यूडचा तुकडा तर बरेल एकटाच वाजवतो. जेमतेम दोन मिनिटं, आजूबाजूला कुणी नाही.

लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका, प्लीज. रात्री, हेडफोन लावून, पंखा बंद करून ऐका.